मशीनचे मार्क

आमच्या घराची पुढची खोली म्हणजे माझं दुकान. लोकांनी विकत आणलेले तयार कपडे त्यांच्या अंगाला बसवून देणं हा माझा धंदा. पँट आखूड करायची, कोट ढिला करायचा, मेलेली चेन बदलायची. नवीन कपडा मी शिवत नाही. माझा मेहुणा मला अर्धा शिंपी म्हणतो. मी म्हणतो, कारखानेवाल्यांनी जगातली सगळी माणसं चार मापांत कोंबून ठेवलीत, त्यांना त्यातून सोडवायला कुणीतरी पाहिजे की नको? मेहुण्याला हे पटत नाही, पण त्याच्या सगळ्या पँटी माझ्याकडेच येतात आणि त्याही फुकटात.

बायको कॉलेजात इंग्रजी शिकवते. साहित्य नव्हे, हे ती स्वतःच आधी सांगून टाकते. पहिल्या वर्षाच्या मुलांना निबंध कसा लिहायचा ते शिकवते. साहित्याचे वर्ग वरच्या मजल्यावर, मोठ्या खिडक्यांच्या खोल्यांत भरतात. निबंधाचे तळमजल्यावर, सायकलींच्या स्टँडला लागून. इंजिनिअर व्हायला आलेले, बँकेत लागायला आलेले, काहीच व्हायला न आलेले, सगळ्यांना हा विषय सक्तीचा. सक्तीचा म्हटल्यावर तो कुणाला आवडणार? मुलं तिच्या वर्गात दातांच्या डॉक्टरकडे आल्यासारखी बसतात. तरी ही बाई दर वर्षी नव्या नवरीच्या उत्साहाने पहिल्या तासाला जाते, आणि मला त्याचं अजून नवल वाटतं.

तर संध्याकाळी निबंधांचा गठ्ठा घेऊन ती दुकानात येते. गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसते आणि एकेक निबंध मोठ्याने वाचते. मी मशीन चालवत असतो. शिंपीकाम शिकण्याआधी मीही कॉलेजाची पायरी झिजवली आहे, त्यामुळे इंग्रजी मला कळतं. तिचा आवाज आणि माझं मशीन, अशी आमची जुगलबंदी चालते. आणि एखादा निबंध असा निघतो की माझा पाय पायडलवरच थबकतो. मशीन थांबतं. ती मान वर करून माझ्याकडे बघते, हसते आणि कागदाच्या कोपऱ्यात काहीतरी खूण करते.

हे गेली कित्येक वर्षं चाललंय. एक नियम मात्र आम्ही पहिल्यापासून पाळला. मशीन दुसऱ्या कशाने थांबलं, म्हणजे दोरा तुटला, बॉबिन संपली, तर मी लगेच मोठ्याने "दोरा!" असं ओरडायचं. उगाच कुणा पोराला फुकटचे मार्क जायला नकोत. याचा मला किती अभिमान होता, काय सांगू! मेहुण्याला मी छाती फुगवून सांगितलं होतं, "तुझ्या पोरीच्या कॉलेजात इंग्रजीचे मार्क कोण देतं ठाऊक आहे? हा पाय देतो, हा." तो म्हणाला, "म्हणूनच ती नापास झाली वाटतं." सोडा, मेहुण्याचं काय घेऊन बसलात.

त्या दिवशी माझ्यासमोर एक जाडजूड जाकीट होतं. चेन बदलायची होती, आणि ते कापड म्हणजे गेंड्याचं कातडं. सुई आत जाईना, गेली तर बाहेर येईना. माझं डोकं तापलेलं, तोंडात टाचण्या धरलेल्या. ही वाचत होती, पण एक अक्षर माझ्या कानात शिरत असेल तर शपथ. आणि कट्कन दोरा तुटला. मी पाय उचलला. "दोरा" म्हणायचं तर तोंड उघडायला हवं, आणि तोंड उघडलं तर टाचण्या घशात. मी एकेक टाचणी काढून टाचण्या खोचायच्या छोट्या उशीत खोचू लागलो. तेवढ्यात सहज वर पाहिलं.

ती माझ्याकडे बघत होती. कागद मांडीवर ठेवला होता. डोळे असे चमकत होते की लग्नानंतर तसे मी फार वेळा पाहिले नाहीत.

"हो ना?" ती म्हणाली. "मलाही तसंच वाटलं."

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. टाचण्या तर काढून झाल्या होत्या, पण मी मूग गिळून बसलो. काय करणार? त्या आठवड्यात ती फार खचलेली होती. विभागप्रमुख तिला सगळ्यांसमोर म्हणाले होते की निबंधाच्या वर्गातून भाषा येते, साहित्य येत नाही. त्यांना मुलं पूर्णविराम म्हणतात, कारण त्यांच्या बोलण्यानंतर कुणी बोलत नाही. हिने ते बोलणं घरी आणलं होतं आणि जेवतानाही ते उतरवून ठेवत नव्हती. आता तिचा चेहरा उजळला होता, आणि त्यावर मी म्हणू की, अगं, दोरा तुटला? माझ्याच्याने झालं नाही.

दुसऱ्या दिवशी ती कॉलेजातून आली ती बातमी घेऊनच. साहित्याच्या विशेष वर्गात मोजक्या मुलांना घेतात. त्यातली एक जागा निबंधाच्या वर्गासाठी राखून ठेवलेली, पण हिने आजवर तिथे कुणालाच पाठवलं नव्हतं. पाठवलेल्या मुलाने सगळ्या शिक्षकांसमोर आपला निबंध उभं राहून वाचायचा, पूर्णविराम सरांच्या प्रश्नांना तोंड द्यायचं, आणि निकाल तिथल्या तिथे. कच्चं पोर असेल तर रडतच बाहेर यायचं. म्हणून ती कुणाला पाठवत नसे.

"या वर्षी पाठवतेय," ती म्हणाली. "कालचा निबंध. ती माझी मागच्या बाकावरची मुलगी."

 न ऐकलेल्या निबंधाला मी मार्क दिले होते, आणि त्यावर ही बिचाऱ्या पोरीला वाघाच्या गुहेत धाडत होती. तो निबंध कशावर आहे, हेसुद्धा मला माहीत नव्हतं. आणि विचारू कुणाला? ज्या निबंधाने माझं मशीन थांबवलं म्हणतात, तो कशावर होता, असं बायकोला विचारू?

चार-पाच दिवसांनी ती मुलगीच दुकानात आली. मी ओळखलं नाही. हातात एक करडा कोट होता. "काका, हा आईचा आहे," ती म्हणाली. "मला खांद्यात मोठा होतो. मॅडम म्हणाल्या तुम्ही लगेच करून द्याल. मला त्या दिवशी वाचायला घालायचाय."

मी तिला आरशासमोर उभं केलं. बारीक चणीची, मान थोडी पुढे काढून उभी राहणारी पोर. कोट तिच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखा दिसत होता. मी खांद्यावर टाचण्या लावू लागलो आणि ती बोलू लागली. मागच्या बाकावर गप्प बसणारी मुलं आरशासमोर बोलतात, असा माझा अनुभव आहे.

"मला तर तो निबंध पास होईल असंही वाटलं नव्हतं. पण मॅडमनी खाली लिहिलं होतं, हा वाचताना आमच्या घरात सगळं थांबलं." तिने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "तुम्हीच ना ते, मशीनवाले?"

माझ्या तोंडातली टाचणी थोडक्यात पोटात जायची राहिली.

"हं," मी म्हणालो.

"तुम्हाला कुठला भाग आवडला, काका?"

आता आली का पंचाईत! मी खडूने उगाच एक रेघ मारली. निबंध कुठलाही असो, त्याला शेवट तर असणारच, असा विचार करून म्हणालो, "शेवट."

"शेवट?" ती गोंधळली. "पण शेवटचा परिच्छेद तर मॅडमनी खोडायला लावला."

"म्हणूनच," मी म्हणालो. "खोडला ते बरं झालं. हात वर कर."

तिने हात वर केला आणि सांगत राहिली. तिची आई इस्पितळात काम करते. मामाही तिथेच कारकून आहे. त्याने साहेबांशी बोलून ठेवलं होतं की आईच्या शेजारचं टेबल रिकामं होतंय, ते भाचीला द्या. मामा वाईट नाही हो, ती म्हणाली, त्याला माझी काळजी आहे. जागा मिळाली तर शीक, नाही तर पुढच्या महिन्यात टेबलावर बस, असं त्याने स्पष्ट सांगितलं होतं. आई काहीच बोलली नव्हती. फक्त हा कोट काढून दिला होता.

"तुला काय व्हायचंय?" मी विचारलं.

"ते माहीत नाही," ती म्हणाली. "पण मॅडमच्या वर्गात पहिल्यांदा मला लिहिताना भूक लागल्याचं कळलं नाही. तेवढं आणखी थोडे दिवस चालू राहावं असं वाटतं."

ती गेल्यावर मी तो कोट घेऊन कितीतरी वेळ तसाच बसलो. लाज वाटत होती आणि रागही येत होता. राग कुणाचा? त्या जाकिटाचा, दोऱ्याचा, पूर्णविराम सरांचा. माझा सोडून सगळ्यांचा. एका पोरीचं सगळं पुढचं आयुष्य माझ्या एका तुटक्या दोऱ्यावर लोंबकळत होतं. निबंध सुमार निघाला तर ती सगळ्यांदेखत तोंडावर आपटणार, आणि टेबलाशी जाऊन बसणार. आणि मग ही पुन्हा कधी कुणाला पाठवणार नाही.

जेवण झाल्यावर बायको भांडी विसळत होती, मी पुसत होतो. मी म्हणालो, "ऐक. त्या दिवशी दोरा तुटला होता."

"कुठल्या दिवशी?"

"तो निबंध वाचलास त्या दिवशी. माझ्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून बोलता आलं नाही. नंतर सांगायचा धीर झाला नाही. मी त्यातलं अक्षरही ऐकलं नाही. अजून वेळ आहे. तिला पाठवू नकोस, नाहीतर निदान पुन्हा एकदा नीट वाचून बघ."

तिने नळ बंद केला. मला वाटलं आता कढई डोक्यात बसते. पण ती हसायला लागली. आधी हळू, मग ओट्याला धरून.

"अहो," ती म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं, मी इतकी वर्षं तुमच्या मशीनवर मार्क देते?"

मी पुसत असलेलं ताट तसंच हातात राहिलं.

"मग ती खूण?"

"ती तुमच्यासाठी नसते हो. वाचत कुठवर आले त्याची असते. मशीन थांबलं की गोंगाट कमी होतो, म्हणून तेवढ्यात करून घेते." मग माझ्याकडे बघून तिला थोडी दया आली असावी. "तुम्हाला आवडलेले निबंध चांगलेच असतात. पण तुम्हाला गोष्ट लागते. कुत्रा हरवला, कुत्रा सापडला. तेवढ्यावर कसं चालेल?"

"आणि त्या दिवशी माझ्याकडे बघितलंस ते?"

"त्या दिवशी मलाच पुढे वाचवेना. म्हणून थांबले. बघितलं तर तुम्हीही थांबलेले."

खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं. पोरीची चिंता उतरली, हे खरं. पण इतक्या वर्षांची माझी गादी एका फटक्यात गेली की नाही? मी चिडून विचारलं, "मग मला वाचून दाखवतेस तरी कशाला? भिंतीला दाखव की."

ती हात पुसत म्हणाली, "एकटीने वाचले की मी चिडते. तेच तेच वाचून डोकं उठतं, आणि वाटतं ही सगळी गाढवं आहेत. मोठ्याने वाचलं, आणि समोर कुणी आपलं माणूस असलं, की गाढवं वाटत नाहीत. मुलं वाटतात."

 मी ताट पुसलं. पण दोन दिवस मी फुगूनच होतो, आणि तिने ते मुद्दाम पाहिलं नाही.

वाचनाच्या दिवशी मी दुकानाला कुलूप लावून कॉलेजात गेलो. वरच्या मजल्यावरची ती खोली लांबट होती, भिंतीला कपाटं, मध्ये मोठं टेबल. शिक्षक टेबलाभोवती बसले होते. माझ्यासारखे उपरे मागे भिंतीशी खुर्च्यांवर. माझ्या पुढच्या रांगेत एक बाई पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. मानेवरूनच ओळखलं, मुलीची आई. बायको टेबलाच्या टोकाला होती आणि तिने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. इतकं घाबरलेलं मी तिला आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

मुलगी उभी राहिली. कोट खांद्यावर चोख बसला होता, तेवढं मी आधी पाहून घेतलं. मग तिने वाचायला सुरुवात केली.

विषय वर्गाला दिलेला होता, "काम करणारं माणूस". निबंध तिच्या आईवर होता. आई इस्पितळाच्या बाहेरच्या खोलीत बसते आणि डॉक्टरांनी बोलावलं की पेशंटना हाक मारते. दिवसभर एवढंच काम. कुणाला ऐकू येत नाही, कुणाला झोप लागलेली असते, कुणी घाबरून स्वतःचंच नाव ओळखत नाही. आई प्रत्येकासाठी वेगळा आवाज कसा लावते, म्हाताऱ्यांना कसा आणि तापाने फणफणलेल्या मुलाच्या बापाला कसा, ते मुलीने लिहिलं होतं. मग आई घरी येते. चप्पल काढते. पाणी पिते. आणि निबंध संपला.

प्रामाणिकपणे सांगतो, मी मशीन थांबवलं नसतं. कुत्रा हरवला नाही, सापडला नाही. काही घडलंच नाही. मी आजूबाजूला पाहिलं. टेबलाभोवती कुणी हललं नव्हतं, पण ते चांगलं की वाईट, मला कळेना.  पूर्णविराम सरांनी चष्मा काढला आणि पुसत बसले.

"शेवटचा भाग," ते म्हणाले, "पुन्हा वाच. सावकाश."

पोरीने कागद उलटला. तिने वाचलं. आई घरी येते. चप्पल काढते. पाणी पिते. घरी ती कुणालाच हाक मारत नाही. तिला काही हवं असलं, किंवा काहीच नको असलं, तर ती येऊन आपल्या शेजारी उभी राहते. आपण वर बघेपर्यंत.

पहिल्यांदा हे वाक्य माझ्या कानांवरून निघून गेलं होतं. मी कुत्र्याची वाट बघत होतो ना. आता ते ऐकलं, आणि समोरच्या बाईंनी मान खाली घातलेली दिसली.  मी रुमाल शोधू लागलो तर खिशात मापाची टेप निघाली.

सरांनी चष्मा लावला. "यानंतर काही होतं?" त्यांनी विचारलं.

"होतं, सर," मुलगी म्हणाली. "आईचे उपकार आपण विसरू नयेत, असं होतं. मॅडमनी विचारलं, हे तुझ्या आईला ऐकायचंय का? मी म्हटलं, नाही. मग खोडलं."

टेबलाशी कुणीतरी हसलं. सर हसले नाहीत. त्यांनी माझ्या बायकोकडे बराच वेळ पाहिलं, आणि मग मुलीला म्हणाले, "वर्ग सोमवारी सुरू होतो. याच खोलीत. खिडकीजवळ बस, तिथे उजेड चांगला येतो."

मग खुर्च्या सरकल्या, सगळे एकदम बोलू लागले. मुलगी टेबलाला वळसा घालून मागे आली. मी पाहिलं, तिने आईला मिठी मारली नाही की पाया पडली नाही. खुर्चीशेजारी येऊन नुसती उभी राहिली. आई पर्सची चेन लावत होती, उघडत होती, पुन्हा लावत होती. मग तिने वर पाहिलं.

मी मान वळवली. दुसऱ्यांच्या घरात बघू नये. खोली रिकामी होत आली तरी मी तसाच बसलो होतो, मांडीवर टेप गुंडाळत. सुखाने अंग जड झालं होतं. किती वेळ गेला कोण जाणे. मग मला वाटलं, उजव्या हाताला कुणीतरी आहे. बायकोने मला हाक मारली नव्हती. मी वर पाहिलं.